एका बैठकीत

"तुमची बैठक किती, वाटवे?" मुजावरांनी विचारलं.

"सलग बसलो तर चार भाग," मी म्हणालो. "परवा पाच झाले."

"पाच!" त्यांनी ओठाशी नेलेली बशी थांबवली. "अहो, आमच्या इन्स्पेक्टरला एक जिना चढवायचा तर माझा अख्खा रविवार जातो."

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीतल्या एका वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही तिघं दर शनिवारी चार वाजता जमत असू. त्यालाही आम्ही बैठकच म्हणायचो. तिघांचं साम्य एवढंच, की आम्ही लांबलचक गोष्टी तुकड्यातुकड्यांनी छापायला देत होतो. बशीर मुजावर मिरजेहून यायचे. त्यांची रहस्यकथा एका साप्ताहिकात चालू होती आणि घरी पाच मांजरं होती. सहावं दारात बसायचं, ते अजून मोजणीत धरलेलं नव्हतं. माझी विनोदी कादंबरी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत क्रमशः येत होती. सोसायटीच्या सेक्रेटरीवर. चाळीस भाग होऊन गेले होते आणि सेक्रेटरीला अजून वार्षिक सभा बोलावता आली नव्हती.

तिसऱ्या गुळवणीबाई. मुलींच्या हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांची एक दीर्घकथा मासिकात चौदा महिने चालू होती आणि ती शेवटच्या पानांवर असायची म्हणून लोक अंक आल्याआल्या मागून उघडायचे. तिघांपैकी लेखक एकच आहे हे मुजावरांना आणि मला ठाऊक होतं. आम्ही ते कधी बोललो नाही. बाईही बोलल्या नाहीत, ते जास्त लागायचं.

"बाई, तुमचे किती भाग हातात आहेत?" मी विचारलं.

"एकही नाही."

"आणि मासिकाला द्यायचा कधी?"

"महिनाअखेरीला. म्हणून आदल्या आठवड्यात लिहीन."

"मला तर झोप लागणार नाही. चार भाग तयार नसले की मला कपडे न घालता बाहेर पडल्यासारखं वाटतं."

"अहो, पण पुढच्या महिन्यात ती माणसं काय करतील ते मला आज कसं कळणार?"

"तुम्हीच तर करवणार त्यांच्याकडून!"

"तुमच्याकडे तसं असेल," बाई म्हणाल्या.

मुजावर बशीत हसले, त्यामुळे चहा सांडला आणि विषय बदलला. बाईंनीच बदलला. त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला होता. सोमवारी पुण्यात ऑपरेशन, नंतर दहा-बारा दिवस बहिणीकडे पालथं पडून राहायचं. जेवण, पाणी, झोप, सगळं पालथं.

"आणि वेलांटी?" आम्ही दोघांनी एकदम विचारलं. डोळ्याची चौकशी नंतर केली.

वेलांटी म्हणजे बाईंची मांजर. पांढरी, वय तेरा. लहानपणी शेपटी दारात सापडून टोकाशी वळली होती ती वळलेलीच राहिली. पहिली की दुसरी, असं कुणी विचारलं की बाई सांगायच्या, "बसली की ऱ्हस्व, चालली की दीर्घ."

"माझ्याकडे सोडा," मुजावर म्हणाले. "पाचांत एक."

"नको हो. या वयात तिला घर बदलणं झेपायचं नाही. आणि तुम्ही मिरजेहून रोज कसे येणार?"

"मी दोन गल्ल्यांपलीकडे राहतो," मी म्हणालो. "मी बघतो."

मांजरांची मला आवड होती असं नाही. पण इतक्या वर्षांत बाईंनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, साधा अभिप्रायसुद्धा नाही. ते मला खुपत होतं.

रविवारी त्यांनी मला घर दाखवलं. पाकिटातलं खाणं कुठे, त्यावर चमचाभर दही, त्यात थायरॉइडची अर्धी गोळी कुटून. न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवायची, ती तिथून परसात जाते.

"आणि बसायचं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ती एकटी खात नाही. वाटी ठेवली की शेजारी खाली जमिनीवर बसायचं. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं बसायचं. दहा-बारा मिनिटं. तुम्ही बसलात की बाहेरचा बोकाही आत येत नाही. खुर्चीत बसलेलं तिला चालत नाही."

"का?"

"मी विचारलं नाही."

मी हसलो. "बाई, हे कथेत घाला. छान तपशील आहे."

बाई हसल्या नाहीत. "बसाल ना, वाटवे?"

"बसेन हो."

"आणि रोज सकाळी दोन ओळी पाठवा फोनवर. मला वाचता यायचं नाही, पण भाची आहे, सुनीती. ती वाचून दाखवेल."

"दोन ओळी?" माझा अपमान झाला होता. "मी भाग पाठवीन."

सोमवारी सकाळी मी वाटी भरली, वर्तमानपत्र अंथरलं आणि खाली बसलो. मांजर सात मिनिटं माझ्याकडे बघत राहिली. शाळेत वर्गावर तपासणीसाहेब आल्यावर मास्तर बघतात तशी. मग जवळ आली आणि खाऊ लागली. माझा डावा गुडघा कळवळून उठला होता, पण हललो असतो तर तिने खाणं टाकलं असतं, म्हणून तसाच बसलो. वाटी संपेपर्यंत. घरी आल्यावर हे सगळं जसंच्या तसं वहीत लिहिलं, फोनवर उतरवलं, वर 'भाग पहिला' आणि खाली सवयीने 'क्रमशः' घातलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. संध्याकाळी सुनीतीचा निरोप आला. 'मावशी पालथी असून इतकी हसली की डॉक्टर ओरडले. शेजारच्या काकूपण ऐकायला आल्या होत्या. पुढचा भाग कधी??'

चाळीस भागांत त्या सेक्रेटरीविषयी हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता.

मंगळवारी मी पुन्हा बसलो. म्हणजे टेकलो. चार-पाच मिनिटांत डोक्यात वाक्यं यायला लागली आणि ती विसरायच्या आत मी उठलो. वेलांटीने मान वर करून बघितलं. मी ऑफिसला फोन करून रजा टाकली आणि घरी जाऊन लिहायला बसलो. काय हात चालला! मांजर म्हणजे कडक तपासणीस आणि मी म्हणजे नापास होत आलेला मास्तर, हे सूत्र सापडलं होतं. मग पालीचं प्रकरण, मग तपासणीसबाईंचा रुसवा, मग समेट, मग उन्हात लोळून दिलेला शेरा. दुपारी जेवायलाही उठलो नाही. पाचच्या सुमाराला बाराव्या भागाशी पोचलो. बाई परत येतात आणि मांजर दारात येते. दुसऱ्यापासून बाराव्यापर्यंत अकरा भाग, एका बैठकीत. माझा तो उच्चांक होता, आणि अजून आहे.

खरं सांगायचं तर त्यानंतर मला मांजरीची गरज उरली नव्हती.

बुधवारी सकाळी मी कुलूप काढलं, वाटी भरली, "वेलांटी, ये गं" म्हटलं आणि कुलूप लावलं. एकूण तीन मिनिटं. ती कुठे दिसली नाही, पण तिसऱ्या भागात ती रुसलेली होतीच. गुरुवारी गेलो तर वाटी लख्ख. शुक्रवारी लख्ख. चौथ्या भागात मी तिच्या भुकेचं कौतुक केलं होतं आणि मांजर त्याबरहुकूम वागत होती. पात्रं आपल्या हातात असली की असंच होतं, असं मला वाटलं. रोज सकाळी मी वहीतला त्या दिवसाचा भाग फोनवर उतरवायचो, रोज संध्याकाळी पुण्यातून हसणं यायचं. ऐकणाऱ्यांत आता मधल्या मजल्यावरचे एक निवृत्त कर्नलही होते.

शनिवारी व्हरांड्यात मी आणि मुजावर दोघंच होतो. मी वही काढली आणि सकाळीच पाठवलेला सहावा भाग वाचून दाखवला. मुजावर मनापासून हसले.

"वा! बाईंना दाखवायला पाहिजे, की तुम्हालाही येतं."

"अजून सातवा ऐका," मी म्हणालो आणि पान उलटलं.

दोन परिच्छेद झाल्यावर त्यांनी बोट वर केलं. "थांबा. आज शनिवार. आज सहावा."

"हो."

"सातवा उद्याचा."

"हातात असलेला बरा."

"मांजराचा?" मुजावरांनी बशी खाली ठेवली. "उद्या ती काय करणार हे तुम्ही आज कुठनं आणलं?"

"अहो, वाटी रोज साफ असते."

"वाटीचं नाही विचारलं मी. खाताना बघितलंय का तुम्ही तिला? कधी बघितलं शेवटचं?"

मी आठवायला लागलो. मला फक्त भाग आठवत होते.

"उठा," मुजावर म्हणाले.

मंगळवारनंतर ती दिसलेली नाही, हे मी वाटेत कबूल केलं. आम्ही बाईंच्या घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. दार उघडलं तसा न्हाणीघरातून धप्प आवाज झाला. एक तांबडा बोका खिडकीत चढून, मिशा चाटत, आमच्याकडे जराही न बघता निघून गेला. सकाळी भरलेली वाटी लख्ख होती.

मी हाका मारायला लागलो. मुजावरांनी मला गप्प केलं, पांढऱ्या शर्टानिशी जमिनीवर पालथे पडले आणि एकेका फर्निचरखाली बघत सरकत गेले. पुस्तकांच्या कपाटाशी थांबले. सगळ्यात खालच्या कप्प्यात मासिकांचे बांधीव अंक होते, त्यांच्या मागे हात घातला. ती हातात आली तेव्हा मला ती आधी मांजर वाटलीच नाही, धुऊन पिळलेला पंचा वाटला.

तिला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं, ते आता मांजरंही बघायचे. त्यांनी पापणी ओढून बघितली. आत पिवळं होतं.

"किती दिवस खाल्लं नाही?"

"रोज खाते," मी म्हणालो. "वाटी..."

"चार दिवस," मुजावर म्हणाले.

"या वयात चार दिवस म्हणजे लिव्हर गेलं. औषध काही चालू होतं?"

"चालू होतं," मुजावर म्हणाले. "बोक्याला."

सलाइन लावताना माझा फोन वाजला. सुनीतीचा निरोप होता. 'सहावा बेस्ट!! कर्नलकाका म्हणतात पुस्तक काढा.' मी फोन खिशात टाकला. मुजावरांनी विचारलं नाही, पण त्यांनी वाचलं होतं.

"बाईंना फोन लावा."

"उद्या जरा बरी झाली की लावतो."

रविवारी सकाळी मी सातवा भाग पाठवला. न पाठवला तर त्यांना शंका येईल, असं मी मुजावरांना सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं असतं, मग येऊ दे की. सातव्या भागात तपासणीसबाई उन्हात पाय ताणून देतात. दुपारी बाराला डॉक्टरांचा फोन आला.

परसात तगरीखाली मुजावरांनी खड्डा केला. मी टॉवेल धरून उभा होतो. माती लोटून झाल्यावर त्यांनी नळाखाली हात धुतले.

"आता लावा फोन."

"त्या पालथ्या पडून आहेत हो. ताण नको म्हणालेत डॉक्टर. रडल्या आणि डोळ्याचं काही..."

"डोळा बाईंचा आहे, वाटवे. तोंड तुमचं आहे."

"आल्या की समोर बसून सांगेन. तोवर पाच भाग तयार आहेत, तेवढ्यात..."

मुजावरांनी नळ बंद केला. मग पायजम्याला हात पुसून मिरजेच्या बसला निघून गेले. त्यानंतर ते बरेच शनिवार आले नाहीत.

सोमवारी मी आठवा पाठवला. मंगळवारी नववा. त्यात ती माझ्या मांडीवर चढते. त्याच संध्याकाळी सुनीतीचं उत्तर आलं. 'मावशी म्हणते, नववा फार छान जमलाय. डॉक्टरांनी लवकर मोकळं केलं! उद्या दुपारी पोचतो. पुढचे भाग समोरासमोर!'

बुधवारी दोन वाजताच मी बाईंच्या घरी जाऊन बसलो. वाटी घासली आणि जागेवर ठेवली. मग उचलली. मग उचललेली बरी दिसेना म्हणून परत ठेवली. वही बरोबर घेतली होती. रिकाम्या हातांनी जाववलं नव्हतं, एवढंच कारण मला आज देता येतं.

तीनला रिक्षा थांबली. बाई काळ्या चष्म्यात, सुनीतीच्या हाताला धरून आल्या. उंबऱ्यात थांबल्या आणि त्यांनी मान खाली केली. माझ्याकडे नाही. जमिनीकडे, मांजर असते त्या उंचीवर.

"सुनीती, चहा टाक गं आत जाऊन," त्या म्हणाल्या. ती पिशव्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. मग बाई चाचपडत पलंगावर बसल्या.

"कधी?"

मी घरून सात-आठ वाक्यं तयार करून आणली होती. "रविवारी," मी म्हणालो. "दुपारी."

"कुठे?"

"तगरीखाली. मुजावर होते."

"म्हणजे बरं केलं असेल." त्यांनी बोटांवर काही मोजलं. "रविवारी सातवा. मग आठवा आणि नववा?"

"आधीच लिहिलेले होते."

"कधी?"

"मंगळवारी. दुसऱ्या दिवशी. सगळेच."

"एका बैठकीत?"

"हो."

"हं," बाई म्हणाल्या. "म्हणून सूर कुठे तुटत नाही."

आत स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"माझ्या तिसऱ्या भागातच लक्षात आलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या भागात तुम्ही बसलात. पेपर अंथरलात, गुडघा दुखला. दुसऱ्यात मांजर पुष्कळ आहे, तुम्ही नाही. तिसऱ्यापासून तुम्ही उभेच आहात. येता, वाटी ठेवता, एकेक गमती करता, पण खाली बसत नाही. नवव्यात ती तुमच्या मांडीवर चढते. उभ्या माणसाला मांडी कुठून आली?"

"मग फोन का नाही केलात?" मी म्हणालो.

हे वाक्य मी घरून आणलेलं नव्हतं. ते माझं मलाच ऐकू आलं. त्यात तक्रारीचा सूर होता.

बाईंनी चष्मा काढला. उजवा डोळा अजून रक्तासारखा लाल होता.

"पालथं पडलं की दिवसभर फक्त फरशी दिसते, वाटवे. सकाळी तुमचा भाग यायचा. विचारलं असतं तर तो थांबला असता." त्यांनी चष्मा परत घातला. "मला ऐकायचा होता. ते माझं मी बघेन. तुमचं तुम्ही."

मी मान हलवली. ते त्यांना दिसलं की नाही कोण जाणे.

"किती उरलेत?"

"तीन."

"वही आणली असेल."

"हो."

"वाचा."

मी खुर्ची पुढे ओढली.

"खुर्चीत नको," बाई म्हणाल्या.

मी वाटीशेजारी जमिनीवर बसलो. पेपर अंथरला नाही. फरशी गार होती. दहावा भाग वाचला. अकरावा वाचत असताना सुनीती चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि पाल पुन्हा येते त्या वाक्याला खुदकन हसली. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. ती ट्रे धरून तशीच ऐकत उभी राहिली, आणि मला वाचत राहावं लागलं, कारण थांबायचं कारण तिला सांगावं लागलं असतं.

मग बारावा. रिक्षा थांबते. बाई उंबऱ्यात येतात. 'पलंगाआडून आधी नुसती वेलांटी दिसली, मग तिच्याखाली हळूहळू मांजर उमटली,' हे वाक्य लिहिलं त्या दिवशी मी उठून खोलीत एक फेरी मारली होती, इतकं ते मला आवडलं होतं. ते मी वाचलं. सुनीतीने वाकून पलंगाआड बघितलं.

"पण आहे कुठे हो ती?" तिने विचारलं. "कधीची आलोय आम्ही."

ती माझ्याकडे बघायला लागली, मग मावशीकडे, आणि मग तिने ट्रे हळूच टेबलावर ठेवला.

"संपला?" बाईंनी विचारलं.

"संपला."

"खाली क्रमशः असेल."

मी पान बघितलं. बाराव्या भागाखालीही होतं. ठसठशीत, खाली दोन रेघा मारून.

"आहे," मी म्हणालो.

"खोडा."

मी खिसा चाचपला. पेन नव्हतं. बाईंनी उशाशी हात घातला, चाचपून स्वतःचं काढलं आणि टोपण उघडून माझ्यापुढे धरलं.